टप्पा घेणारे मीटबॉल

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मग सांगते. ब्रिस्टलमध्ये गेली नऊ वर्षं मी सुगरण म्हणून मिरवतेय, आणि त्या मिरवण्याची एका रविवारी पार वाट लागली!

झालं काय, माझ्या ऑफिसात लिन नावाची तैवानची मुलगी आहे. तीन वर्षं घरी गेलेली नाही. भाड्याच्या खोलीत राहते, स्वयंपाकाला नुसता मायक्रोवेव्ह. एकदा लंचला सूप पिता पिता म्हणाली, "आई सूपमध्ये पोर्कचे मीटबॉल घालायची. आता त्यांची चवही विसरायला लागलेय." आणि तिचे डोळे भरून आले.

मला कुठलं राहवतंय? "हात्तिच्या! रविवारी जेवायला ये माझ्याकडे. ऑफिसातल्या दोघीतिघींनाही आण. मी करते!"

बिचारीने कृती सांगितली. बर्फगार पोर्क, मीठ, साखर, पांढरी मिरी, बटाट्याचं स्टार्च, आणि चिकट लगदा होईपर्यंत वाटत राहायचं. "फक्त एक गोष्ट लक्षात ठेव..." असं ती म्हणतेय तोवर मी तिचं बोलणं तोडलंच. "बाई गं, कोफ्ते मला नको शिकवूस!"

जीभ झडली नाही माझी त्या वेळी!

रविवारी सकाळी सगळं वाटलं, गोळे वळले, गरम पाण्यात सोडले. छान वर तरंगले, गोरेगोमटे, गुळगुळीत. एक उचलून नवऱ्याला दाखवायला गेले, तर हातातून निसटला.

फरशीवर पडला. आणि वर आला!

अहो, खरंच वर आला! माझ्या गुडघ्यापर्यंत. मग दुसरा टप्पा, तिसरा टप्पा, आणि थेट फ्रिजखाली. मी जागच्या जागी थिजले. सुहास, म्हणजे माझा नवरा, चहाचा कप तोंडापाशी धरून तसाच उभा.

"अगं, हे खायचेत की खेळायचेत?"

"गप्प बस रे! एखादा बिघडला असेल."

दुसरा टाकून बघितला. टप्प! तिसरा. टप्प! म्हणजे अख्खा घाणाच रबराचा! माझ्या माहेरी कोफ्त्याला चमचा लागला की तो फुटला पाहिजे, नाहीतर करणारीचं नाव गेलं. आणि ती पोर तीन वर्षांनी आईच्या चवीचं खायला येणार, तिला मी हे चेंडू वाढू?

पाहुणे यायला दोन तास होते. शेजारच्या पॅमकडे अल्फी नावाचा लॅब्रॅडॉर आहे. गोळ्यांत कांदालसूण काही नव्हतं, म्हणून अख्खा डबा नेऊन तिच्या हातात दिला. "अल्फीसाठी!" पॅम खूश. मी घरी आले आणि फ्रिजात उरलेल्या पोर्कच्या खिम्यात दुधात भिजवलेला ब्रेड, उकडलेला बटाटा घालून असे मऊसूत कोफ्ते केले म्हणता! मला माझंच कौतुक वाटलं.

ऑफिसातल्या दोघींना घेऊन लिन आली. सूप वाढलं. तिने कोफ्त्याला चमचा लावला मात्र, त्याचा वाटीभर चिखल झाला. तिने चमच्याने तळ ढवळून बघितला. मग हसून म्हणाली, "व्हेरी सॉफ्ट."

मी अशी फुशारले! "मग! मऊपणा आमच्याकडून शिकावा."

तेवढ्यात बेल वाजली. दारात पॅम, हातात माझा डबा. "अल्फीचं पोट भरलं गं! हवेत झेलून झेलून खात होता. हे दोन डब्यातच राहिले, तूच घे."

लिनने डब्यात डोकावून बघितलं. एक गोळा उचलला आणि टेबलावर टाकला.

टप्प!

"हेच!" ती किंचाळली. "आई आधी एक टाकून बघायची. उसळला तरच सूपमध्ये! तीच तर गोष्ट मी तुला सांगत होते!" तो गोळा तिने तोंडात घातला, डोळे मिटले आणि चक्क रडायला लागली. "अगदी आईच्या हातचा. कोणी केलेत?"

पॅमने भाबडेपणाने माझ्याकडे बोट दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू केलेस? मग कुत्र्याला का दिलेस?"

"ते... उसळत होते म्हणून."

लिनने आ वासला, तो मिटेचना. सुहास खिडकीबाहेर बघायला लागला. मग लिनने दुसरा गोळाही शांतपणे खाल्ला, हात पुसले आणि पॅमकडे वळली.

"पुढच्या रविवारी मी अल्फीकडे जेवायला आले तर चालेल?"