ठमाबाईंचा गळा

ठमाबाई टीव्ही लावायच्या आणि लगेच त्याचा आवाज बंद करायच्या. तळवली गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी चावी मागायला खाली गेले, तर बाई पाटावर बसून कुठल्याशा लग्नाची सीडी बघत होत्या. पडद्यावर हळद चालली होती, बायका नाचत होत्या आणि खोली चिडीचूप. मला वाटलं, बहिऱ्या असतील. म्हणून चांगली खणखणीत ओरडले, "मावशी, चावी!" त्यांनी वळून बघितलं आणि नुसत्या श्वासात म्हणाल्या, "वरडतंस कशाला बाय? मना आयकू येतं. माजाच कोनाला आयकू येत नाय."

त्यांचा आवाज म्हणजे सायकलच्या चाकातून हवा जावी तसा. मी मूळची कराडची, महाप्याला एका कंपनीत नोकरीला, एकटी राहणारी. आधीची घरमालकीण माझ्या भाजीच्या पिशवीपासून लग्नाच्या वयापर्यंत सगळ्यावर बोलायची, त्यामुळे या मालकिणीला बोलता येत नाही हे कळल्यावर मला आधी बरंच वाटलं. मी काही फार थोर बाई नाही.

त्या कोण होत्या ते शेजारच्या सोनीवयनींकडून कळलं. आगरी लग्नात विधींसोबत जी गाणी गातात ते धवले, आणि ती गाणारी धवलारीण. देवांना बोलावण्यापासून हळद उतरेपर्यंत सगळं तिच्या गळ्यावर चालतं. घनसोलीपासून महाप्यापर्यंत ठमाबाई आल्याशिवाय हळद लागत नसे. त्या मांडवात गायला लागल्या की खाडीच्या बांधावरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची म्हणे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पण लग्नसराईत त्या घरी जेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. प्रत्येक मांडवात त्यांचा पाट मांडलेला असायचा.

त्यांचा एक नियम होता. मांडवाबाहेर धवला गायचा नाही, गुणगुणायचासुद्धा नाही. एकदा कुणी अभ्यासक मशीन घेऊन रेकॉर्ड करायला आले होते, त्यांना बाईंनी चहा पाजून परत पाठवलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धवला म्हंजे देवाला हाक. उगाच हाक मारली त देव येतील, नि बसाला पाट नाय. मंग?"

मी यायच्या आधी बाईंच्या गळ्याला गाठ आली होती. दुखत नव्हती, फक्त दिसायची. गावातल्याच हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. बाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "गाला येईल ना?" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, गाल, नाचाल पण." त्यांनी इंग्रजी कागदावर सही घेतली. त्यात काय लिहिलंय, या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावू शकते, हे कुणी सांगितलं नाही. शुद्धीवर आल्या त्या अशाच, श्वासात बोलणाऱ्या. आठवड्यात येईल, महिन्यात येईल, वर्षात येईल, असं करत डॉक्टरांनी शेवटी भेटणंच बंद केलं.

"गाठ रायली असती," बाई म्हणायच्या. "गाठ काय गाला आडवत नव्हती. मना सांगला असता, तर मी गाठ ठेवली असती. माजा गला, मना इचाराचा नाय?"

याच एका वाक्यावर त्या वाशीच्या एका वकीलबाईंकडे गेल्या आणि ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. वकीलबाईंनी विचारलं, किती भरपाई मागायची? यांनी सांगितलं, "पैसे तू ठरव. मना एवढाच लिवून पायजे, का हिचा गला व्हता नि हिला न इचारता गेला."

आता गंमत बघा. ते हॉस्पिटल ज्या इमारतीत होतं, ती बाईंच्या पुतण्याची. गावची शेती सिडकोने घेतली, उरल्या जागेवर या पुतण्याने, जनार्दनशेठनी, चार मजले चढवले आणि खालचे दोन हॉस्पिटलला दिले. तक्रारीची नोटीस गेली आणि शेठ स्वतः आले. "काकी, कशाला टेन्शन घेते? डॉक्टर आपला मानूस हाय. आपल्याच भाडेकरूवर केस टाकतान का कोन?" बाई ऐकून घेत होत्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "भाडेकरू त्याचा हाय. गला माजा व्हता." त्यानंतर गावातल्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्या दाराला लागेनात. सोनीवयनीसुद्धा कुंपणावरून बोलायच्या त्या गल्लीत कुणी नाही बघून.

तारखांना मी त्यांच्याबरोबर बेलापूरला आयोगात जायचे, कारण त्यांचं बोलणं दुसऱ्याला मोठ्याने सांगायला कुणीतरी लागायचं. एकदा समोरच्या टेबलावरून नेहमीच्या सवयीने सूचना आली, "आजी, जरा मोठ्याने बोला." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या हसल्या. त्यांचं हसणंही बिनआवाजाचं, फक्त खांदे हलायचे.

हॉस्पिटलच्या वकिलांनी लेखी मांडलं की वयोमानाने आवाज बसतोच, शिवाय बाई उत्तम गात असत याला पुरावा काय? वकीलबाई म्हणाल्या, रेकॉर्डिंग आणा. रेकॉर्डिंग कुठलं, आयुष्यभर त्यालाच तर नाही म्हटलेलं! मग मला लग्नाच्या सीड्यांची आठवण झाली. मांडवात तर त्या गायच्या, आणि मांडवात व्हिडिओवाला असतोच. मी अगदी उड्या मारत खाली गेले. आम्ही बाईंकडच्या झाडून सगळ्या सीड्या आवाज चढवून लावल्या. प्रत्येक लग्नात ठमाबाई होत्या, काठापदराच्या लुगड्यात, कानावर हात ठेवून, तोंड उघडून गाणाऱ्या. आणि प्रत्येक लग्नात व्हिडिओवाल्याने मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी टाकली होती. हळदीवर एक, वरातीवर एक, बाईंच्या उघड्या तोंडावर तर कसलंसं डिस्को. इतक्या लग्नांत एकालाही सुचू नये की ही बाई काय गातेय ते राहू दे? मला रडू आलं. बाईंनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. "आता बग," त्या म्हणाल्या. "असा बंद केला, का मना आयकू येतं."

टीव्हीचं कोडं मला तेव्हा सुटलं.

उरल्या बायका. ज्यांची लग्नं यांनी लावली त्या अर्ध्या गावात नांदत होत्या. त्यांनी नुसतं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं की ठमाबाई गायच्या आणि चांगल्या गायच्या. मी दारोदार फिरले. सगळ्यांनी पाणी दिलं, सही कुणी दिली नाही. कुणाचा मुलगा शेठकडे कामाला, कुणाचं बाळंतपण त्याच हॉस्पिटलात. सोनीवयनी म्हणाल्या, "मना सगला ठावं हाय गो. पन मना हितंच रावाचा हाय." मी भांडले. घरी येऊन बाईंपुढे त्यांना शिव्याही घातल्या, तर बाई माझ्यावरच चिडल्या. "त्यांना नको बोलू. माजा मांडव गेला. त्यांचा कशाला घालवतंस?"

निकालाच्या आधी शेठ पुन्हा आले, या वेळी तडजोड घेऊन. हॉस्पिटल पैसे देईल. बाईंनी तक्रार मागे घ्यायची आणि याबद्दल पुढे कधी, कुठे, कुणाकडे बोलायचं नाही. बाईंचे खांदे हलायला लागले. "जना," त्या म्हणाल्या, "आवाज नेला तो फुकट. आता गप बसाचे पैसे देतान व्हय?" शेठ चहा न घेता गेले.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. मी तो त्यांना समोर बसून मराठीत करून वाचून दाखवला. ऑपरेशन चुकीचं झालं असं सिद्ध होत नाही. पण आवाजाला असलेला धोका रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक होतं, तो सांगितला नाही, म्हणून ती संमती संमतीच नव्हे. भरपाई द्यावी. बाई मान डोलावत होत्या. पुढे एक वाक्य होतं, ते आधीच माझ्या नजरेला पडलं होतं. क्षणभर वाटलं, गाळावं. पण 'मला पूर्ण सांगितलं नाही' एवढ्याचसाठी जी बाई इतकी वर्षं भांडली, तिच्यापासून मी वाक्य लपवू? वाचलं. तक्रारदार ही नावाजलेली गायिका होती, याबद्दल कोणताही पुरावा सादर झालेला नाही.

बाईंनी कागद हातात घेतला. "न इचारता गेला, हा लिवला," त्या म्हणाल्या. "व्हता, हा नाय लिवला."

मग त्यांनी उठून सीडी लावली, आवाज बंद केला आणि टीव्हीपुढे पाटावर बसून गायला लागल्या. नुसता श्वास. पडद्यावरच्या तरण्या ठमाबाईंच्या ओठांबरोबर यांचे ओठ बरोबर हलत होते, कानावर हातही तसाच. मी घाबरून म्हटलं, "मावशी, मांडव नाही. देव येतील ना?"

"हाक जातेच कुटं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं कडवं घेतलं.

गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. खाली अंगणात बायका जमल्या होत्या, सगळ्या त्याच, ज्यांच्या घरचं पाणी मी प्याले होते. जनार्दनशेठ खुर्च्या मांडून घेत होते. सोनीवयनींनी हंबरडा फोडला, "काय गला व्हता गो बाईचा!" आणि मग एकीमागून एक, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, सगळ्याच तेच म्हणू लागल्या. काय गला व्हता. माज्या हलदीला काय गायली व्हती. असा गला परत नाय व्हनार.

मी कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांचं पूर्ण ऐकलं, आणि मग वर निघून आले.