साखरपाण्याचे खडू

आमच्या शाळेच्या फाटकातून आत आलं की उजव्या हाताला एक मोठा फळा आहे. सणवार आला की त्यावर रंगीत खडूंनी शुभेच्छा लिहायच्या, हे काम गेली बारा-तेरा वर्षं माझ्याकडे आहे. माझं अक्षर बरं आहे आणि शाळेत दुसऱ्या कुणालाच ते काम नको असतं, एवढीच दोन कारणं. श्रीरामपूरहून स्कूटीवर अर्ध्या तासाचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, चार खोल्या, दोन शिक्षक. दिवाळी, ईद, बुद्ध पौर्णिमा, नाताळ, सगळं त्या फळ्यावर येतं, कारण हे सगळे सण पाळणाऱ्या घरांतली मुलं माझ्या वर्गात बसतात.

खडू मी आदल्या रात्री साखरेच्या पाण्यात भिजवते. त्यानं रंग उठून दिसतो आणि अक्षर धरून राहतं, नुसत्या डस्टरनं पुसलं जात नाही. आमच्या साखर कारखान्यांच्या भागात खडूलासुद्धा साखर लागते म्हणून घरी माझी चेष्टा होते. फळ्यावर कधीकधी मुंग्या येतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

असा फळा पुसायला ओलं फडकं लागतं, आणि ते असतं मावशींकडे. मावशी म्हणजे शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाई. चर्चमागच्या वस्तीत राहतात. वय माझ्यापेक्षा थोडं जास्त, बोलणं कमी. खिचडी चुलीवर चढवायच्या आधी फळा पुसायचा, हा त्यांनी स्वतःच लावून घेतलेला नेम.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी. मी मधल्या सुट्टीत अर्धा तास खपून फळ्यावर मोठा जांभळा क्रूस काढला, भोवती फुलं, आणि खाली झोकात लिहिलं, ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. शाळा सुटताना बघते तर फळा कोरा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. कुणी पुसलं म्हणून मी सगळ्या मुलांना उन्हात उभं केलं. तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीतून मावशी आल्या.

“म्या पुसलं, बाई. त्या दिवशी आमच्यात दुखवटा ऱ्हातो. दुखवट्याच्या शुभेच्छा न्हाई देत कुनी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सण दिसला की हार्दिक शुभेच्छा लिहायच्या, ही सवय हाताला इतकी लागलेली की डोकं वापरायचं राहूनच गेलं होतं. आपण किती मोठ्या मनाच्या, असं समजून मी एका बाईचं तिच्या दुःखाच्या दिवसाबद्दल अभिनंदन करून ठेवलं होतं. आणि तिनं मला चारचौघांत खाली बघायला न लावता गुपचूप फडकं फिरवलं होतं. मुलांना मीच उभं केलं नसतं तर मला ते कळलंही नसतं.

त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय लिहीत नाही. मोहरमला काय लिहावं हे एका विद्यार्थिनीच्या वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, शुभेच्छा नकोत, नुसती सुट्टी लिहा. तसंच लिहिलं.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षीचा डिसेंबर. चोवीस तारखेला नाताळचा फळा लिहिला. मावशींना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, चांदणी काढा, आमच्या दारातबी चांदणीच असती. पिवळी चांदणी, हिरव्या वेली आणि लाल अक्षरांत ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’. साडेदहाला कुणीतरी त्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सरकारी शाळेत हे काय चाललंय. साडेअकराला शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मोटरसायकल लावून आत आले.

माणूस वाईट नाही. ऊस आणि कांदा करतात, शाळेला पाण्याचा फिल्टर त्यांनीच दिला. पण फोनवर फोन येत होते आणि त्यांना कटकट नको होती. म्हणाले, शाळा सगळ्यांची, फळ्यावर धर्म नको, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुसून टाका. मी म्हटलं, दिवाळीला याच फळ्यासमोर उभं राहून तुम्ही फोटो काढला होता, तो अजून तुमच्या डीपीला असेल. त्यावर ते म्हणाले, दिवाळीची गोष्ट वेगळी.

माझे सहकारी सर वयानं लहान, पण विचार पक्के. त्यांनी मला धक्काच दिला. म्हणाले, माझ्या मते फळ्यावर एकही सण नको, दिवाळीसुद्धा नको. रोज सुविचार लिहावा, सगळ्यांना सारखा न्याय. अध्यक्षांना तेवढं पुरे झालं. म्हणाले, बघा, सरबी तेच म्हणतात.

सरांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. कोरा फळा कुणावर अन्याय करत नाही, हे खरं. गुड फ्रायडेला मी तो कोराच ठेवला असता तर लाजायची वेळ आली नसती, हेही खरं. पण तो कोरा करायचा विचार नेमका नाताळच्या आदल्या दिवशी का सुचावा? नियम करायचा तर जूनमध्ये करा, दिवाळीच्या आधी करा, मी मुकाट्यानं पाळीन. आज मी पुसणार नाही, असं मी सरळ सांगितलं.

अध्यक्षांनी वर्गातून डस्टर उचललं आणि स्वतः फळ्याकडे गेले. खिडकीतून सगळी मुलं बघत होती. त्यांनी दोनदा जोर लावून घासलं, चांदणी जागची हलली नाही. साखरपाण्याचे खडू ते! मग त्यांनी स्वयंपाकाच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, मावशी, ओलं फडकं घेऊन या आणि हे पुसा.

माझी नोकरी कायमची, फार तर माझी बदली होईल. मावशींचं काम समितीच्या हातात. दर जूनला ठराव होतो तेव्हा कुठे त्यांचं पुढचं वर्ष पक्कं होतं. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्या. पुसा मावशी, मी काही मनात धरणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं.

मावशी फडकं घेऊन आल्या. फळ्यासमोर उभ्या राहिल्या. चांदणीकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे.

“त्या टायमाला बाईंचं चुकलं हुतं, म्हनून म्या न सांगता पुसलं. आज त्यांचं बरोबर हाय. आज न्हाई पुसनार.”

एवढं बोलून त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या खिचडी बघायला गेल्या. अध्यक्ष डस्टर खिडकीत ठेवून निघून गेले. फळा तसाच राहिला. मी वर्गात जाऊन पाढे घेतले, पण कुठला पाढा घेतला ते मला आठवत नाही.

पुढचे सहा महिने मी जूनची धास्ती घेऊन काढले. बैठकीत मावशींच्या कामाचा विषय निघाला तेव्हा अध्यक्ष कागदाकडेच बघत राहिले. मी बोलायच्या आत सर उठले. फळ्याबद्दल माझं मत तेच आहे, ते म्हणाले, पण मावशींचं काम गेलं तर मी ठरावाखाली माझा विरोध लिहून देईन. अध्यक्षांनी सही केली.

उठता उठता त्यांनी मला मात्र सुनावलं. “मॅडम, इथून पुढं फळ्यावर काय लिहायचं ते विचारून लिहीत जा.”

“विचारूनच लिहिते,” मी म्हटलं. “ज्याचा सण, त्याला.”