टाकीतल्या ढोरांची दिवाळी

पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये मी सांडपाण्याची टाकी सांभाळतो. शाळा सातवीत सुटली. इथे येऊन एवढं कळलं, की रंगाचं पाणी साफ करतात ते जंतू. डोळ्याला न दिसणारे. हवा आणि खाणं मिळालं की जगतात. धुळ्याकडे गावी आईला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे ढोरंच राखतोस की!

दिवाळीत मिल बंद. रंगाचं पाणी बंद, म्हणजे ढोरांचा चारा बंद. म्हणून दर दिवाळीला मी इथेच, टाकीत गुळाचं पाणी ओतत. ती मेली तर टाकीत शेण कालवून नवी वाढवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि माझ्या नोकरीची धास्ती वेगळी.

गेल्या वर्षी लॅबमध्ये उधन्याची एक मुलगी आली. तिने आमची टाकी कॉम्प्युटरवर गणितात बसवली: पाणी किती गरम, खाणं किती, जंतू किती. उन्हाळ्यात जंतूंची रेषा चढायची, पावसात पाणी पातळ झालं की घसरायची, थंडीत संथ व्हायची.

"काका, या दिवाळीला घरी जा. पाणी गार व्हायला लागलं, यांची भूक कमी होणार. वॉचमन रोज थोडा गूळ देईल. बघा, रेषा खाली जाते, पण तळाला टेकत नाही."

"आणि टेकली तर?"

"तर शेण मी गोळा करीन. बस?"

तरी निघताना राहवेना. गावाला जाताना गव्हाण भरून जातात, तसा मी गुळाचा अख्खा डबा टाकीवर धरला. ती धावत आली. "अरे काका, ना ना!" तिने तेवढा गूळ गणितात घालून दाखवला. रेषा सरळ वर चढली आणि कोसळली. एकदम एवढं खाल्लं तर पाण्यातली हवा संपते, सगळे गुदमरतात.

"लाड करून मारणार का?"

डबा मी वॉचमनकडे दिला.

गावी आईच्या हातचा फराळ खाल्ला, पण रोज वॉचमनला फोन केलाच. "चाचा, सब सो रहे हैं, आप भी सो जाओ," तो म्हणायचा.

परतल्यावर आधी टाकीतलं पाणी बरणीत भरून ठेवलं. मी आणि ती मुलगी बघत बसलो. तपकिरी गाळ, म्हणजे आमची ढोरंच, हळूहळू तळाला गेला, वर पाणी नितळ. वास ओल्या मातीचा, कुजका नाही. जिवंत होती! तिने रेषेशी ताडून पाहिलं. "जरा बारीक झालीत, इतकंच."

तेवढ्यात आईचा फोन. "तुना ढोरं जगनात का रे?"

"हां, जगनात वं माय."

"मंग होळीले बी ये."

मी मुलीकडे पाहिलं. काही न विचारता ती गणितात मार्चचं ऊन घालायला लागली होती.