मामंजींची कोकोची बाग

आमच्या थेरगावच्या घरात कोको शिरला तो माझ्या भावाच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, आणि त्याचा सगळा ताप मला झाला. भाऊ बोटीवर खलाशी होता. कोकणातलं आमचं घर सोडून तो जगभर फिरला आणि मी पवनेच्या काठी येऊन बाजरीच्या भाकरी थापायला शिकले. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या चैत्रात बोट मुंबईला लागली तशी स्वारी मला भेटायला आली. येताना त्याने कोकोच्या भुकटीचा एक डबा आणला आणि कोलंबोहून तीन पिवळी, खरबरीत फळं.

डब्याचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. सासूबाईंनी तो चहासारखा उकळला, वर आलं ठेचून घातलं आणि गुळाचा खडा टाकला. मामंजींनी एक घोट घेतला आणि बशी बैलाच्या गव्हाणीकडे सरकवली. बैलानेही तोंड फिरवलं. तापातल्या माणसाला हा काढा बरा, असं ठरवून सासूबाईंनी डबा उतरंडीमागे लपवला आणि पुढे घरात कुणी शिंकलं की तो बाहेर यायचा. त्या वर्षी आमच्याकडे कुणी शिंकेनासं झालं.

फळांचं मात्र मामंजींनी मनावर घेतलं. भावाने त्यांना रंगवून सांगितलं होतं, की हे झाड मूळचं सातासमुद्रापलीकडचं, तिथले जुने लोक याच्या बियाच नाण्यांसारख्या चालवत आणि बाजारात बिया मोजून माल घेत.

"मग आपले चिंचोके काय वाईट हायेत?" मामंजी म्हणाले खरे, पण त्यांचे डोळे चमकले होते. झाडाला सावली लागते, केळीखाली ते छान येतं, फळं फणसासारखी थेट खोडाला लागतात, हे ऐकल्यावर तर ते उठून विहिरीकडे जाऊनच आले.

त्यांच्या घाईला कारण होतं. आमची बरीचशी जमीन कारखान्यांच्या हद्दीत गेली होती. उरली होती ती विहिरीलगतची केळीची पट्टी. आमचे यजमान पिंपरीला औषधाच्या कारखान्यात लागले होते, आणि तिथे कामाला येणारी साताऱ्याची, नगरची माणसं राहायला जागा शोधत वणवण फिरायची. यजमानांचं म्हणणं, केळी काढा, खोल्या बांधा, भाडं येईल. त्यात चूक काहीच नव्हतं. पण मामंजी सकाळी उठून त्या पट्टीत गेले नाहीत तर त्यांनी जायचं तरी कुठे, हे यजमानांच्या हिशोबात बसत नव्हतं. दोघांची रोज जुंपायची. शेवटी मामंजींनी कोकोवर पैज लावली.

"दसऱ्यापातूर ह्या रानात कोको उगवला, तर केळीला हात लावायचा न्हाई. न्हाई उगवला, तर बांध तुझ्या खोल्या. मी बोलनार न्हाई."

"आबा, नंतर फिरायचं नाही हां," यजमान म्हणाले.

निघताना माझा भाऊ मामंजींना पुन्हा पुन्हा बजावून गेला, "बी ओलं असतानाच पुरा. वाळवू नका. वाळलं की मेलं."

मामंजींनी मान डोलावली. पाहुणा वेशीबाहेर पडला मात्र, आणि ते मला म्हणाले, "तुझा भाऊ मानूस चांगला हाय, पर त्याला शेतीतलं काय कळतंय? समिंदरावर काय पेरत्यात?"

त्यांचंही खरंच होतं म्हणा. ओलं बी पेरायचं, तेही मृग लागायच्या आधी, ही गोष्ट आमच्या गावात कुणी ऐकलेली नव्हती. बी म्हटलं की ते धुवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, राख चोळायची आणि मडक्यात राखेच्या थराखाली निजवायचं. मामंजींच्या हातचं बी कधी फुकट जात नसे. लोक त्यांच्याकडून भोपळ्याचं, दोडक्याचं बी मागून न्यायचे. चांगला मुहूर्त पाहून त्यांनी देवापुढे ठेवलेली फळं फोडायला घेतली, तर तिथे दोनच फळं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोकणातली, फणसावर वाढलेली, आणि फळं आणणारा भाऊ माझा! मी शपथा घेतल्या, पण नव्या सुनेच्या शपथेला कोण विचारतो? तेवढ्यात सासूबाई पदर सावरत हळूच म्हणाल्या, "असू द्या वो. पोरीला वाटलं आसंल खावंसं. दिवस बी आसतील."

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं की मला दिवस गेले. शेजारणी कैऱ्या आणून देऊ लागल्या, चिंचा आणू लागल्या. यजमान पिंपरी कँपातून माझ्यासाठी मिठाई घेऊन आले आणि मी "तसं काही नाही" म्हटलं, तर लाजते आहे समजून आणखी खूश झाले. पुढे पोट काही दिसेना, तेव्हा त्याच शेजारणी माझ्या पाठीमागे चुकचुकायला लागल्या. त्याचं मात्र मला फार वाईट वाटलं. मी गोठ्यात जाऊन रडले आणि बाहेर येऊन चार भांडी आपटली.

इकडे मामंजींनी दोन फळांचं बी काढलं. त्याभोवतीचा पांढरा चिकट गर राखेने घासून घासून काढला, वैशाखाच्या उन्हात बी वाळवलं आणि मडक्यात राखेखाली ठेवलं. मृगाला नारळ फोडून केळीखालच्या वाफ्यात ते पेरलं. मग ते रोज वाफ्यापाशी उकिडवे बसू लागले. आषाढ गेला, श्रावण गेला. वाफ्यात दुधाणी उगवली, हराळी उगवली, कोको काही उगवेना. गावकरी जाता-येता विचारायचे, "काय राव, लागली का नानी?" मामंजी हसण्यावारी न्यायचे, पण जेवण कमी झालं होतं. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

सासूबाईंचं त्या दिवसांत निराळंच चाललं होतं. आमच्या मोरीचं पाणी पाटाने केळीत जायचं. त्या पाटाच्या कडेला त्यांनी कोंबड्यांचं मोडकं डालगं पालथं घातलं होतं आणि तिकडे त्या कुणाला फिरकू देत नसत. मी एकदा डोकावले तर आत तांबूस, लोंबत्या पानांची रोपटी दिसली. ती मला आजारीच वाटली. विचारलं, तर "औषधी हाय," म्हणून त्यांनी मला पिटाळलं.

दसरा झाला. सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी यजमानांनी गवंडी आणला. केळीच्या पट्टीत खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. मामंजी विहिरीच्या काठावर पाठ करून बसले होते. शब्द दिला होता, त्यामुळे काही बोलत नव्हते. यजमानांनी कोयता उचलला, पण वार करायच्या आधी ते दोनदा बापाकडे बघून आले.

एवढ्यात सासूबाई राखेने भरलेल्या हातांनी घासायचं पातेलं तसंच टाकून धावत आल्या आणि केळीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"थांब. कोको उगवलाय."

"कुठे?"

त्यांनी डालगं उचललं. खाली चार रोपं चांगली वीतभर वाढून उभी होती. मामंजी उठून आले, एक पान हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि वाफ्याकडे पाहिलं. वाफा तर पार त्या टोकाला होता.

"हे हितं कसं आलं?"

सासूबाईंनी राखेचे हात पदराला पुसले. गवंडी, यजमान, मी, कुंपणापलीकडे थांबलेल्या दोन शेजारणी, सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"मी खाल्लं," त्या म्हणाल्या. "एकादशी व्हती. फळ उपासाला चालतं, म्हनून मोरीत बसून खाल्लं. बिया थुकल्या पाटात." मग शेजारणींकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "सुनंनं न्हाई खाल्लं. तिला दिवस बी नव्हतं गेलं. म्याच उठवलं ते."

सहा महिने मनात घोळवलेलं भांडण माझ्या जिभेवर तयार होतं, पण मी आधी मामंजींकडे पाहिलं.

मामंजी पान सोडून बायकोकडे वळले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

"गोड. सीताफळावानी. जरा आंबूस."

"मला एक फोड न्हाई दिलीस."

"तुमी राखंत घातली असती."

पहिल्यांदा गवंडी हसला, मग यजमान. मामंजींनी मुलाच्या हातातला कोयता काढून घेतला. "माझ्या हातचं न्हाई उगवलं," ते म्हणाले, "पर ह्याच रानात उगवलंय." यजमानांनी वाद घातला नाही. त्यांनी खुंट्या उपटल्या आणि दोरी गुंडाळली. सासूबाईंशी मी मात्र चार दिवस बोलले नाही, आणि त्यांनीही चारही दिवस मुकाट्याने माझ्या वाटणीची भांडी घासली.

पुढच्या उन्हाळ्यात चारही रोपं करपली. मामंजींनी गोणपाटं बांधली, घागरी ओतल्या, पण आमच्याकडचा कोरडा वारा काही रोपांना मानवला नाही. मामंजी वाळक्या काड्यांना आळं करून पाणी घालत राहिले. यजमान रोज त्याच पाटाशेजारून सायकल काढून कामावर जायचे. काड्या वाळल्यात हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण मामंजी होते तोवर त्यांनी खोल्यांचा विषय काढला नाही, आणि एकदा मामंजींना बरं नव्हतं तेव्हा त्या काड्यांना पाणी घालताना मी यजमानांनाच पाहिलं.