रजिस्टरावर ठेवलेलं पिस्तूल

पंख्याच्या वाऱ्यानं रजिस्टरचं पान उडत होतं. मालकांनी सदरा वर केला, कमरेचं पिस्तूल काढलं आणि पानावर ठेवलं.

"आता हलत न्हाय बगा, बाई. करा सहाचा चार."

मी मैंदर्गीकडच्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. मालक आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांची, ऑफिस त्यांचं, मी बसते ती खुर्चीही त्यांचीच, हे ते बोलता बोलता ऐकवतात. त्यांच्या पोराला पिस्तुलाचा परवाना हवा होता. त्याला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. पोराला एकोणीस. तो आमच्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याची जन्मतारीख माझ्या टेबलावरच्या जनरल रजिस्टरात. सालातला शेवटचा सहा खोडून चार केला की पोरगा परवान्याला पात्र. तो दाराशी मोबाईल बघत उभा होता. मान वर करायचीही त्याला गरज वाटली नाही.

मी म्हणाले, "शाळा सोडल्यावर तारीख आम्हाला बदलता येत नाही, मालक."

हेडसर घाम पुसत म्हणाले, "मॅडम, एक आकडाच तर आहे. बाकीचं मालक बघतील."

मी पेनचं टोपण काढलं. खोटं कशाला सांगू? घरात मी एकटी कमावती. पिस्तुलाची नळी माझ्या दिशेनं होती.

मालक हसले. आता ते 'बाई' सोडून 'गं'वर आले.

"एवढा इचार कशाला करती गं? तुझी तरी तारीख कुटं खरी हाय? तुझी आई आमच्याच रानात खुरपायला व्हती. कान धरायला लावून वय लिवलंय तुझं. समदी शाळा हसली व्हती."

खरं आहे. आईनं शाळेत माझं नाव घालायला नेलं, तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, "ज्वारी काढायला आली व्हती, गुरुजी. तवा झाली बगा."

"ज्वारीची तारीख असते व्हय गं?" गुरुजी हसले. मग सगळा वर्ग हसला.

मला डोक्यावरून उजवा हात घालून डावा कान धरायला सांगितलं. धरता आला की सहा वर्षं पूर्ण, अशी त्यांची पद्धत. माझे हात लांब. बोटं कानाला टेकली. गुरुजींनी लिहिलं, एक जून. आई हात जोडून उभी होती. घरी येताना एवढंच म्हणाली, "नाव लागलं, झालं."

अजूनही एक जूनला आमच्या स्टाफच्या ग्रुपवर निम्म्या लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. मीही हसून धन्यवाद टाकत आले. इतक्या वर्षांत त्यात अपमान दिसला नाही, याची त्या खुर्चीत बसून मला लाज वाटली. आमचं वय हसत हसत चुकीचं लिहायचं. आणि तीच चूक आमच्या तोंडावर फेकून स्वतःचं खोटं आमच्या हातानं लिहून घ्यायचं. मस्तकात तिडीक गेली.

आणि दहावीतली ती मुलगी आठवली. आठवड्यापूर्वी एसटी स्टँडवरून रडत ऑफिसात आली होती. दाराशी उभ्या असलेल्या याच पोराबद्दल सांगत होती.

"मॅडम, त्यानं शर्ट वर केला. आत पिस्तूल हाय. म्हनला, कुनाला सांगितलंस तर बग."

पिस्तूल बापाचं, परवाना बापाच्या नावावर, शर्ट पोराचा. मी तिला पाणी दिलं आणि सरळ घरी जा म्हणाले. एवढंच केलं मी. आज तो चोरून शर्टाखाली लपवतो. मी चार केला की हक्कानं लपवील.

मी टोपण लावलं.

"बोलवा त्याला आत, मालक. घालू दे डोक्यावरून हात. कान धरता येतो का बघू."

कुणी हसलं नाही. हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले. पोरानं पहिल्यांदा मोबाईल खाली केला.

"खुर्ची सोडावी लागंल, बाई."

"सोडीन. पिस्तूल उचला. मला रजिस्टर मिटायचंय."

त्यांनी उचललं. जाताना सदरा पुन्हा वर करून, मला दिसेल असं कमरेला खोचलं. मी दार लागेपर्यंत बघत राहिले. मग त्याच पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जन्मतारीख बदलण्यासाठी आज दबाव आणला गेला. बदल केलेला नाही. खाली पूर्ण सही केली आणि पानाचा फोटो काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. कामात हयगय, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. सात दिवसांत खुलासा द्या. देईन.

त्याआधी त्या मुलीच्या घरी जाऊन आले. तिला पाणी देऊन पाठवलं होतं, त्याची तिच्या आईसमोर माफी मागितली. तिच्या आईनं मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "तुमी संगं येताय न्हवं?"

व्हय म्हणाले. उद्या आम्ही तिघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. साक्षीदाराचं नाव, वय विचारतील. नाव सांगेन. रजिस्टरातली तारीख सांगेन, आणि ती कुणी, कशी लिहिली तेही सांगेन. आई म्हणाली तेच खरं, ज्वारीच्या काढणीत झाले, असं लिहून घ्या म्हणेन. हसले तर हसू देत. त्या शर्टाखाली काय होतं ते शब्दन् शब्द कागदावर उतरेपर्यंत मी तिथून उठणार नाही.