नावं संपवा एकदम

रेवदंड्याच्या खाडीकाठी कुणाचंही गलबत पाण्यात लोटायचं असलं की आधी भागोजीला बोलावणं जायचं. भागोजी म्हणजे माझ्या आईचा मामा. धंद्याने नारळ पाडणारा, अंगाने काटकुळा, आणि आवाज असा की माडाच्या शेंड्यावरून त्याने 'ओ' दिली तर खाडीपलीकडे कोर्लईची कुत्री भुंकत. पन्नास माणसांनी एका क्षणी जोर लावायचा तर कुणीतरी हाक द्यावी लागते, आणि ती देवाच्या नावाने द्यायची असा रिवाज होता. भागोजी कधी महादेव म्हणे, कधी अल्ला म्हणे, आणि माणसं ढकलत. कुणाच्या मनात काही येत नसे.

एकतीस साली गावाला शहाणपण सुचलं. त्या पावसाळ्यात मुंबईहून दोन्हीकडचे उपदेशक येऊन गेले, आणि ते गेल्यावर लोकांना आपापले देव अचानक फार नाजूक वाटायला लागले. नसती उठाठेव, दुसरं काय.

कोजागिरीला दाऊद नाखव्याचं नवं गलबत लोटायचं होतं. दाऊद हा भागोजीचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं जुनं गलबत आदल्या वर्षी वादळात फुटलं होतं. तेव्हापासून तो पायरीवर समुद्राकडे पाठ करून विड्या ओढत बसायचा, आणि भागोजीला ते बघवत नसे. "तुजं गलबत माज्या हाकंवर पान्यात जाईल," असा त्याने शब्द दिला होता. उधाणाचं पाणी दुपारी गलबताच्या बुडाशी येणार आणि अर्ध्या तासात उतरणार. वेळ चुकली तर अमावस्येपर्यंत नवं लाकूड उन्हात तडकत पडणार.

पाणी चढेस्तोवर माणसं वाळूत बसून हाक कुणाच्या देवाची यावर वाद घालत होती. इसाजी तेली बुडाखालच्या ओंडक्यांना तेल चोपडत होता. इसाजी शनवार तेली, म्हणजे आपल्याकडचा यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारा. शाळामास्तर म्हणाले, "सगळी एकाच देवाची नावं. भांडता कशाला?"

भागोजीला ते पटलं. "मला बायको 'अवो' म्हनते, दाऊद 'भाग्या' म्हनतो. ओ देनारा मी येकलाच."

"आनि वरच्या आळीतला भागोजी?" इसाजीने हात पुसत विचारलं. "नाव तुजंच, पर मानूस दुसरा. नावावरून काय कळतं?"

सगळे हसले. भागोजी हसला नाही, कारण वरच्या आळीतल्या भागोजीचं समन्स एकदा याच्या दारात आलं होतं.

पाणी आलं. भागोजीने 'हर हर महादेव' अशी हाक दिली, तर दाऊदचे भाऊबंद हाताची घडी घालून उभे. 'या अल्ला' म्हटलं, तर गलबत बांधणाऱ्या कान्हा सुताराची माणसं आभाळ बघायला लागली. तिसऱ्या वेळी ज्याने त्याने आपलाच देव पुकारला. एकांचं नाव आधी संपलं, दुसऱ्यांचं मागून. पुढची नाळ एका बाजूला गेली, मागचा वरामा दुसऱ्या बाजूला, आणि गलबत ओंडक्यांवर तिरकं झालं. पाणी सुकाणूला लागून माघारी निघालं होतं. दाऊद डोकं धरून खाली बसला.

मग मात्र भागोजीचं डोकं फिरलं.

"हात काडा सगल्यांनी," तो गरजला. त्याने कमरेचा कोयता काढला, उलटा धरला आणि फळीवर ठोकत एकेकाच्या देवाचं नाव मोजायला घेतलं. "हर हर महादेव लांब हाय. तुमी आदी सुरू करा. या अल्ला आखूड. तुमी मागून या. इसाजी, तुजं?"

"आमच्यात देवाचं खरं नाव तोंडावाटे काडत न्हाईत."

"मग काय म्हन्ता?"

"एहाद. म्हंजे येक."

"मग तू सगल्यांच्या मागून. नाव कुटूनबी सुरू करा, संपवा मातर येकदम. कोयता वाजला की 'देव', 'ला' आनि 'हाद' येकाच टायमाला पायजे."

दोनदा त्याने नुसतंच म्हणायला लावलं. दाढीमिशांची माणसं पाढे म्हणणाऱ्या पोरांसारखी ओरडत होती. पहिल्यांदा इसाजीचं 'हाद' एकटंच मागे राहिलं आणि कान्हा सुतार फिस्सकन हसला. मग दाऊदचे भाऊही हसले. हसताना कुणाला रागावता येत नाही, हे उपदेशकांनी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा खांदे लागले. कोयता वाजला, तिन्ही नावं एका ठोक्यावर पडली, ओंडके करकरले आणि गलबत सरसरत पाण्यात शिरलं. माणसंही त्याच्या मागे गळ्याइतक्या पाण्यात गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते, किनाऱ्यावर उड्या मारत होते. इतका आनंद मी पुढे माझ्या लग्नातही पाहिला नाही.

मास्तर धोतर सावरत भागोजीपाशी आले. "पटलं ना? देव एकच."

"त्ये मला ठावं न्हाय मास्तर. मी नुसता ठोका धरला."

तेवढ्यात दाऊद निथळत आला. "भाग्या, तू सगल्यांचे देव लावून दिलेस. तू सोता कोनाचा नाव घेतलास?"

भागोजीने डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तुजंच. 'दाऊद' म्हनून वराडलो."

दाऊदने दोन्ही कानांना हात लावून 'तोबा तोबा' म्हटलं, आणि मग सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडून रडला.