तुटायचं तर जोड सोडून

मावशींच्या कारखान्यात वस्तू तुटली की लोक टाळ्या पिटत. नव्या माणसाला वाटायचं, इथे सगळ्यांचंच डोकं फिरलंय. पण गोष्ट साधी होती. पांढऱ्या सिरॅमिकच्या नळीला धातूची कडी जोडायची आणि खेचयंत्रावर ताणून बघायची. नळी तुटली, म्हणजे जोड तिच्याहून मजबूत. कडी अलगद सुटून आली, म्हणजे अब्रू गेली.

मावशी बावीस वर्षं हे जोड लावत होत्या. नळी आणि कडी यांच्यामध्ये चांदी-तांब्याची कागदासारखी पातळ चकती ठेवायची, हवा काढलेल्या भट्टीत ती वितळवायची, आणि भट्टी पुरती थंड होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. निवताना धातू भराभर आकसतो, सिरॅमिक आपल्या तोऱ्यात राहतं. साहेब घाई करू लागले की मावशी म्हणत, "नवीन जोडपं आहे, रुळू द्या." साहेब चहाला निघून जात.

आणि खेचयंत्रावर बसायची खुद्द त्यांची सून. घरी सासूच्या भाजीत मीठ कमी पडलंय म्हणायची जिची हिंमत नव्हती, ती इथे सासूचं काम दिवसभर ओढून तोडायची आणि वर पगारही घ्यायची. यावरून कारखान्यात विनोदांना तोटा नव्हता, आणि ते करण्यात मावशीच सगळ्यांच्या पुढे.

पण त्या महिन्यात विनोद बंद पडले. एका खेपेतल्या पाच नमुन्यांपैकी तीन जोड सुटले, पुढच्या खेपेला चार. साहेबांनी जपून शब्द वापरत सांगितलं, वय झालं की हात थरथरायचाच. शनिवारची खेप अशीच निघाली तर मावशींनी पॅकिंगला बसावं. मावशींनी मान डोलावली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. भट्टी सोडून आता खोक्यांना चिकटपट्टी लावायची!

दुसऱ्या दिवशी सून सुटलेल्या कड्या आणि भिंग घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. मावशींनी पाहिलं. चांदी सगळीकडे छान पसरली होती, फक्त एका जागी मुळीच धरली नव्हती. बोटाच्या टोकाएवढा डाग, प्रत्येक कडीवर.

"आई, बोट तुमचं आहे," सून खाली बघत म्हणाली. "आणि मलम माझं."

मावशींची एक जुनी खोड होती. मोज्यातून चकती जाणवत नाही म्हणून ती बसवताना त्या उजवा हातमोजा काढत. त्याआधी हात स्पिरिटने इतके घासत की कातडी तडकून रक्त यायचं. ते बघवेना म्हणून सुनेनेच महिन्यापूर्वी मलमाची डबी आणून दिली होती, आणि मावशी ते रोज सकाळी कौतुकाने चोळत होत्या. ते स्पिरिटनेही पुरतं निघत नव्हतं. तेलकट जागी चांदी कशी धरणार?

"म्हणजे माझा हात थरथरत नाही?"

"नाही हो आई. मी सांगते साहेबांना."

सून सांगायला गेली, तेव्हा साहेबांनी एवढंच म्हटलं, की शनिवारी यंत्रच काय ते बोलेल.

ती खेप मावशींनी दोन्ही हातांत मोजे घालून, चिमट्याने लावली. चकती तीनदा पडली आणि तिन्ही वेळा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. चाचणीच्या वेळी सुनेने नियमावर बोट ठेवून सासूला दाराबाहेर उभं केलं. मावशी काचेला नाक लावून बघत राहिल्या. पहिली नळी ताडकन तुटली, कडी जागची हलली नाही. मग दुसरी. पाचही नळ्यांचे तुकडे झाले आणि पाचही जोड शाबूत राहिले. टाळ्यांची सुरुवात साहेबांनी केली. सुनेचे डोळे भरून आले होते, आणि मावशी तिला काचेपलीकडून खुणा करत होत्या, की आधी आकडे लिही.

संध्याकाळी घरी आल्यावर मावशी सुनेसमोर बसल्या आणि तडकलेले दोन्ही हात पुढे केले.

"लाव गं ते मलम," त्या म्हणाल्या. "उद्या भट्टी बंद आहे."